आधी कुणाकडे उजाडतं

मिस्त्रींच्या दुकानात येणारी मोटार जळलेलीच असायची. धडधाकट मोटार घेऊन कोण कशाला येईल? पंपाची असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर लाकूड कापायच्या करवतीची, मिस्त्री आधी तिचा वास घ्यायचे. एका झटक्यात जळली की हळूहळू जळत आली, हे त्यांना वासावरून कळायचं. मग काळी पडलेली जुनी तार खरवडून काढायची, वेढे मोजायचे, तितकेच नवे वेढे गुंडाळायचे, वार्निश पाजायचं, भट्टीत सुकवायचं आणि चालू करून बघायचं. तीस वर्षं हेच काम. ओळखीचे लोक गमतीने म्हणायचे, मिस्त्रींच्या डोक्यातही तांब्याची तारच गुंडाळलेली आहे. मिस्त्रींना त्याचा राग येत नसे. तार चांगल्या प्रतीची आहे ना, एवढंच ते विचारायचे.

शहराच्या कडेला एक विज्ञान केंद्र होतं. तिथे गोल दालनाच्या मधोमध पुरुषभर उंचीची पृथ्वी होती, लाकडी चौथऱ्यावर बसवलेली. भिंतीवर एका बाजूला मोठा दिवा, तो सूर्य. दालनात बाकी अंधार. चौथऱ्याच्या पोटात मोटार आणि दातेरी चाकांची पेटी. एका मिनिटात पृथ्वीचा एक फेरा पूर्ण व्हायचा, म्हणजे मिनिटात एक दिवस आणि एक रात्र. शाळांच्या सहली यायच्या, मुलं कठड्याला रेलून बघायची.

त्या पृथ्वीची मोटार जळली तेव्हा ती मिस्त्रींकडेच आली. काम अवघड नव्हतं. पण तारेवरचं वेष्टण इतकं करपलं होतं की कुठलं टोक कुठे जोडलेलं होतं याची खूणच उरली नव्हती. एरवी याची अडचण येत नाही. पंपावर बाण कोरलेला असतो, गिरणीवाला स्वतः सांगतो की चाक कुठल्या बाजूला फिरतं. पृथ्वीवर कुठे बाण असणार? मोटार बसवायला गेले त्या दिवशी केंद्रप्रमुख मॅडम रजेवर होत्या. मिस्त्रींनी दारावरच्या रखवालदाराला विचारलं, हा गोल आधी कुठल्या बाजूला फिरायचा. रखवालदार नऊ वर्षं त्या दालनाच्या दारात खुर्ची टाकून बसत होता, पण पृथ्वीकडे पाठ करून. त्याने जरा आठवल्यासारखं केलं आणि हवेत बोट गोल फिरवलं, "हा असा." ते बोट वरून बघायचं की खालून, हे विचारायचं मिस्त्रींना सुचलं नाही. दोन टोकं जोडली, बटण दाबलं, पृथ्वी झोकात फिरायला लागली. रखवालदार म्हणाला, फिरली म्हणजे झालं. मिस्त्रींनाही तसंच वाटलं. हत्यारं आवरून ते घरी गेले आणि विसरूनही गेले.

अठरा दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, हातात दुरुस्त करून आणलेल्या चपलांचा कागदी पुडा. मिस्त्रींनी चेहरा ओळखला. विज्ञान केंद्रात झाडलोट करणाऱ्या मावशी. तिथे मॅडमपासून रखवालदारापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, म्हणून मिस्त्रीही म्हणायचे, जरी त्या त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहानच असाव्यात.

"या मावशी. मिक्सर बिघडला काय?"

"मिक्सर चांगला आहे," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी मागे रस्त्याकडे पाहिलं, आत आल्या आणि आवाज खाली आणला. "मिस्त्री, रागावू नका. तुमची पृथ्वी उलटी फिरतेय."

मिस्त्री रागावले नाहीत, पण त्यांना ते लागलं. तीस वर्षांत काम चुकलं असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि आज म्हणत होती फरशी पुसणारी बाई. ते जरा तुटकपणेच म्हणाले की तिथे शिकलीसवरलेली एवढी माणसं आहेत, ती काही बोलली नाहीत, मग तुम्हाला कुठून कळलं?

मावशींनी सांगितलं ते असं. त्यांची एकुलती एक लेक तीन वर्षांपूर्वी कामासाठी परदेशी गेली होती. पश्चिमेला, समुद्रापलीकडे, एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला. तिला पहाटे पाचला उठावं लागायचं आणि गजराने तिला कधीच जाग येत नसे. घरी असतानाही आई हाका मारायची तेव्हाच ती उठायची. म्हणून मावशी रोज इथून फोन करून तिला उठवत. लेकीकडे पाच वाजायचे तेव्हा इथे साडेदहा झालेले असत. केंद्रातली सकाळची झाडपूस संपवून, चहाचा कप हातात घेऊन मावशी भांडारघराच्या मागच्या पायरीवर बसत आणि लेकीला जागं करत. तीन वर्षांत एक दिवस खंड नाही.

"माझ्याकडे ऊन डोक्यावर यायला लागलेलं असतं, नि ती म्हणते, आई, अजून बाहेर काळोख आहे," मावशी म्हणाल्या. "म्हणजे आधी माझ्याकडे उजाडतं, मग तिच्याकडे. हो का नाही?"

"हो."

"त्या गोलावर आपलं गाव जिथे आहे तिथे मॅडमनी लाल ठिपका लावलाय. लेकीचं गाव मी शोधून ठेवलंय. ठिपक्याच्या डावीकडे दोन हात, जरा वर. काल कठडा पुसताना बघत होते. अंधारातून आधी ती बाहेर आली. मी मागून आले."

मिस्त्री विचारात पडले. मग त्यांना एक मुद्दा सापडला, आणि तो सापडल्याचा थोडा आनंदही झाला. ते म्हणाले, "पण मावशी, संध्याकाळी तुमच्याकडे अंधार पडतो तेव्हा तिच्याकडे ऊन असतंच की. तेच दिसलं असेल तुम्हाला."

मावशींनी मान हलवली. हा विचार त्यांनीही केला होता. काल रात्री झोपताना केला होता, आणि म्हणूनच आज पुन्हा नीट उभं राहून सात फेरे बघितले होते. "संध्याकाळही बघितली. तुमच्या गोलावर संध्याकाळी आधी तिच्याकडे मावळतं, मग माझ्याकडे. खरं तर मी रात्री जेवायला बसते तेव्हा ती दुपारच्या उन्हात चालत असते. सगळंच उलटं आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी मग बोलणं थांबवलं आणि हाताला काम दिलं. बोलण्यापेक्षा हाताने करून बघितलेलं त्यांना लवकर कळायचं. वार्निशचा रिकामा गोल डबा घेतला, खडूने त्यावर दोन फुल्या मारल्या, उजवीकडची मावशींची, डावीकडची लेकीची. तपासणीचा दिवा लावून बाजूला धरला आणि रखवालदाराच्या बोटाप्रमाणे डबा फिरवला. लेकीची फुली आधी उजळली. उलट फिरवला. मावशींची फुली आधी उजेडात आली आणि लेकीची मागून. पुन्हा फिरवला. चारदा फिरवला. डबा खाली ठेवला तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

"खरं आहे तुमचं," ते म्हणाले.

मावशींना त्याचा विजय वगैरे काही वाटला नसावा. त्या घाईने म्हणाल्या की मॅडमना मी काही बोलले नाही आणि बोलणारही नाही. केंद्राचं कुलूप सकाळी सातला मीच काढते, रखवालदार साडेआठला येतो, मॅडम साडेनऊला. तुम्ही सातला या, काय करायचं ते करा, कुणाला पत्ताही लागायचा नाही. आणि मी सांगितलं असंही कुणाला सांगू नका. कारण नोकरी लागली तेव्हाच्या साहेबांनी त्यांना एकदा दूरच्या ताऱ्यांच्या चित्रासमोर उभं राहिलेलं पाहून सुनावलं होतं, की इथे पुसायला ठेवलंय, बघायला नाही. ते साहेब केव्हाच बदलून गेले, पण मावशी तेव्हापासून पुसता पुसताच बघत आल्या होत्या.

त्या गेल्यावर मिस्त्रींनी दुकानाचा अर्धा दरवाजा ओढून घेतला आणि फिरत्या स्टुलावर बसून राहिले. शाळेत सातवीपर्यंत ते शिकले होते. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, हे वाक्य तेव्हा पाठ करून घेतलं होतं, आणि परीक्षेत लिहून त्याचे गुणही मिळाले होते. पण सूर्य तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना दिसतो, मग पृथ्वी उलट कशी, हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं आणि पुढे विचारायला शाळाच उरली नाही. आता डाव्या हाताला दिवा जळत होता. त्यांनी पायाने फरशीला रेटा देऊन स्टूल डावीकडे वळवलं. दिवा नजरेच्या डाव्या कडेने आत आला, समोरून सरकला आणि उजव्या कडेला दिसेनासा झाला. मिस्त्री डावीकडे फिरत होते आणि दिवा उजवीकडे चालला होता. दिवा मात्र जागचा हलला नव्हता. त्यांनी आणखी एक रेटा दिला. समोरच्या किराणावाल्याने ओट्यावरून विचारलं, मिस्त्री, तब्येत बरी आहे ना? मिस्त्री म्हणाले, आत्ताच बरी झाली.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. बायकोने दोनच प्रश्न विचारले. चूक दुरुस्त व्हायला किती वेळ लागेल? दहा मिनिटं. आणि त्या बाईंना तुम्ही अजून मावशी म्हणता? स्वतःचे केस बघा आरशात. मिस्त्रींनी मान खाली घालून भात संपवला.

दुसऱ्या दिवशी सातला ते केंद्रावर हजर होते. मावशींनी कुलूप काढलं आणि बादली घेऊन दुसऱ्या दालनात निघून गेल्या, जणू या माणसाशी आपला काही संबंध नाही. मिस्त्रींनी चौथऱ्याची फळी उघडली, दोन टोकं अदलाबदल करून जोडली, वर पट्टी गुंडाळली. बटण दाबलं. पृथ्वी क्षणभर थरथरली आणि डावीकडून उजवीकडे फिरायला लागली. ते कठड्याला धरून उभे राहिले. लाल ठिपका अंधारातून वर आला, उजळला, पुढे गेला. दोन हात मागून लेकीचं गाव आलं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. फळी लावली, पिशवी उचलली, निघाले.

दाराजवळच्या भिंतीवर गेल्या पंधरा-वीस दिवसांत मुलांनी काढलेली चित्रं लावलेली होती. सहलीला आलेल्या मुलांना बाहेर पडताना कागद आणि रंग देत, आणि जे आवडलं ते काढायला सांगत. मिस्त्री सहज थांबले. तीस-पस्तीस चित्रांपैकी निम्म्यांत तरी पृथ्वी होती. निळी, हिरवी, एक तर जांभळी. कुणी तिला डोळे काढले होते, कुणी दिव्याला मिशा. आणि प्रत्येक पृथ्वीच्या पोटावर एक मोठा बाण होता, ती कुठे फिरते ते दाखवणारा. झाडून सगळे बाण उजवीकडून डावीकडे. एका चित्रात बाण दोनदा गिरवला होता, खाडाखोड करून. आधी त्या मुलाने किंवा मुलीने तो बरोबर काढला असावा, मग समोर बघून चूक समजून खोडला आणि उलटा काढला.

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. ते बराच वेळ त्या एका चित्रापाशी उभे होते. मग बाकावर बसले. मावशी बादली घेऊन आल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, अजून का थांबलात? मिस्त्री म्हणाले, मॅडमना भेटून जातो. मावशींचा चेहरा उतरला.

मॅडम साडेनऊला आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, चालताना पायापेक्षा डोकं पुढे असणाऱ्या. मिस्त्रींनी त्यांना उभ्या उभ्या सांगून टाकलं, की मी मोटार उलटी जोडली होती, अठरा दिवस पृथ्वी उलटी फिरली, आज सकाळी सरळ केली, पण या पोरांनी जे बघून काढलं ते चुकीचं आहे आणि ती चूक माझी आहे.

मॅडम तशाच वळल्या. दालनात गेल्या, पृथ्वीपुढे उभ्या राहिल्या, दोन फेरे बघितले. मग परत येऊन भिंतीवरची चित्रं बघितली. आता हे काम गेलं, आणि सोबत नावही गेलं, असं मिस्त्री धरूनच चालले होते.

"मी रोज सकाळी आणि संध्याकाळी हिच्या शेजारून जाते," मॅडम अखेर म्हणाल्या. "अठरा दिवस. दोनदा. आणि मी हाच विषय शिकले आहे." त्यांनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "तुमच्या लक्षात कसं आलं?"

मावशी मॅडमच्या मागे, दाराआड उभ्या होत्या. त्यांनी जोरजोरात मान हलवून नको म्हटलं. मिस्त्रींनी ते बघितलं. बघूनही न बघितल्यासारखं केलं, कारण दुसऱ्याचं शहाणपण आपल्या नावावर खपवणं त्यांना जमणार नव्हतं.

"माझ्या नाही," ते म्हणाले. "यांच्या लक्षात आलं. तुमच्या मागे उभ्या आहेत त्या ताईंच्या."

त्यानंतर दोन दिवस ताई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मिस्त्री चौथऱ्यावर बाण रंगवायला गेले, मॅडमनीच सांगितलं होतं, तेव्हा ताईंनी त्यांच्या अगदी पायाजवळून फरशी पुसली आणि म्हणाल्या, पाय उचला. एवढंच. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन चहाचा कप आणून ठेवला. मॅडमनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं होतं आणि खुर्चीवर बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं होतं. लेकीचं गाव, साडेदहाचा फोन, सात फेरे. एका जागी तर मॅडमनी लिहूनही घेतलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्या खोलीत ताई फक्त कचऱ्याची टोपली रिकामी करायला गेल्या होत्या. "त्यांनी मला विचारलं, आणखी काय काय बघता तुम्ही," ताई म्हणाल्या, आणि मग उगीचच पुसलेला कठडा पुन्हा पुसायला लागल्या.

मॅडमनी त्या अठरा दिवसांत येऊन गेलेल्या सातही शाळांना पत्रं लिहिली. आमच्याकडची पृथ्वी उलटी फिरत होती, मुलांना चुकीचं दिसलं, क्षमस्व, पुन्हा या. चार शाळांनी कळवलं, येतो. त्यातल्या पहिल्या शाळेची मुलं आली त्या सकाळी मॅडमनी मिस्त्रींनाही बोलावलं. मिस्त्री धुतलेला सदरा घालून गेले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

मॅडमनी मुलांना आधी विचारलं, मागच्या वेळी आणि आज यात काय फरक आहे? मुलं बघत राहिली. कुणी म्हणालं दिवा मोठा झाला, कुणी म्हणालं समुद्र जास्त निळा दिसतो. एक मुलगी हळूच म्हणाली, बाण आहे आणि ती इकडून तिकडे जातेय. मॅडम म्हणाल्या, बरोबर. मागच्या वेळी ती चुकीची फिरत होती, हे आमच्यापैकी एकाच व्यक्तीला समजलं. कसं समजलं, ते त्याच सांगतील. आणि त्यांनी ताईंकडे हात केला.

ताईंना याची काही कल्पना नव्हती. हातात फडकं होतं, ते कुठे ठेवावं त्यांना कळेना. त्या म्हणाल्या, मला नाही बोलता येत, मॅडमच सांगतील. मुलं वाट बघत उभी. ताईंनी मिस्त्रींकडे पाहिलं ते असं, की तुम्हीच मला या भानगडीत टाकलंत. मग त्यांची नजर दारावरच्या घड्याळाकडे गेली आणि चेहरा एकदम बदलला.

"साडेदहा झाले," त्या म्हणाल्या. "थांबा. मला आधी लेकीला उठवू दे."

त्यांनी फडकं कठड्यावर टाकलं, पिशवीतून फोन काढला आणि सवयीने नुसता फोन लावायच्या ऐवजी, काय मनात आलं कोण जाणे, चेहरा दिसणारा फोन लावला. बराच वेळ वाजला. मग पडदा काळाच राहिला आणि त्या काळ्यातून झोपेने जड झालेला आवाज आला, "उठले गं."

"उठलीस ते दाखव. दिवा लाव."

दिवा लागला. विस्कटलेल्या केसांची एक मुलगी डोळे बारीक करून बघत होती. "आई, एवढी गर्दी कसली तुझ्याकडे?"

ताईंनी तिला सांगितलं की ही शाळेची मुलं आहेत, यांना तुझी खिडकी दाखव. मुलगी कुरकुरली नाही. फोन घेऊन खिडकीपाशी गेली, पडदा सारला. बाहेर मिट्ट काळोख होता. ओल्या रस्त्यावर एक दिवा, त्याच्या खाली उभी असलेली एक सायकल आणि पलीकडे एकही खिडकी उजळ नाही. मुलांनी त्या छोट्या पडद्याकडे पाहिलं, मग मान वळवून दालनाच्या दाराकडे पाहिलं, तिथून पायरीवरचं लख्ख ऊन दिसत होतं. पुन्हा पडद्याकडे. चाळीस मुलं असून दालनात आवाज नव्हता. समजायला लागलं की मुलं अशी गप्प होतात, हे मिस्त्रींनी पहिल्यांदाच पाहिलं.

ताई मग बोलू लागल्या. फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्यांनी लाल ठिपका दाखवला, तो जवळ आला की त्या म्हणत, ही मी, आणि मागून लेकीचं गाव आलं की म्हणत, ही ती, अजून अंधारात आहे, बघा, आता कड आली, आता उजाडलं. पृथ्वी फिरत होती आणि मुलं दर फेऱ्याला त्यांच्याबरोबर म्हणत होती. रखवालदारानेही खुर्ची फिरवून पृथ्वीकडे तोंड केलं होतं.

मघाची ती हळू बोलणारी मुलगी पुढे झाली आणि तिने फोनमधल्या मुलीला विचारलं, "तुमच्याकडे सूर्य कधी येणार?"

"अजून दोन-अडीच तास आहेत," लेक म्हणाली. तिची झोप आता उडाली होती. "तुमचं झालं की इकडे पाठवा."

मुलं हसली. ताईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. लेक म्हणाली, आई, खरं सांगू, माझा इथला कंटाळा आज गेला. मग तिने मुलांकडे हात हलवला आणि फोन ठेवला, कारण तिची बस चुकली असती.

त्या संध्याकाळी मिस्त्री बायकोला घेऊन गच्चीवर गेले. वाळत घातलेले कपडे काढायचे होते, पण मिस्त्रींना ते निमित्त होतं. त्यांनी तिला पश्चिमेकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, सूर्य खाली जातोय असं समजू नकोस. तो आहे तिथेच आहे. आपण मागे कलतोय. घर, गच्ची, हा दोर, तू, मी, सगळे मिळून मागे मागे. दोघं बघत राहिले. सूर्याची खालची कड समोरच्या पाण्याच्या टाकीला टेकली, आणि खरंच, मिस्त्रींना क्षणभर वाटलं की पायांखालची गच्ची आपल्याला घेऊन पाठीमागे झुकतेय. त्यांनी कठडा धरला.

"काय झालं? चक्कर आली?" बायकोने विचारलं.

"नाही गं. चोपन्न वर्षं बघतोय हे. आज दिसलं."

मग कपड्यांच्या घड्या घालता घालता ते बोलत राहिले. म्हणाले, ती बाई चारचौघांत म्हणाली असती की मिस्त्रींनी वाट लावली, तर मी काय करणार होतो? ती उन्हातून चालत दुकानापर्यंत आली, आवाज खाली आणून बोलली, वर माझी चूक झाकायलाही तयार झाली. आणि मला जे सातवीपासून कळलं नव्हतं ते जाता जाता शिकवून गेली. कुणी कुणासाठी एवढं करत नाही.

बायकोने ऐकून घेतलं. उशीचा अभ्रा झटकून ती म्हणाली, "हे त्यांना सांगितलंत?"

"नाही."

"मग मला का सांगताय?"

मिस्त्रींनी फोन लावला. पलीकडून ताईंचा घाबरा आवाज आला. त्यांना वाटलं पृथ्वी पुन्हा बंद पडली. मिस्त्री म्हणाले, पृथ्वी चालू आहे. आभार हा शब्द त्यांनी आयुष्यात सभासमारंभाच्या पत्रिकेवरच वाचला होता. ते अडखळत म्हणाले, "ताई, तुम्ही त्या दिवशी आलात ते फार बरं झालं. फार उपकार झाले."

ताई म्हणाल्या, "मी पण तेच म्हणायला फोन करणार होते. तुम्ही माझं नाव सांगितलंत म्हणून. तेव्हा फार राग आला होता तुमचा."

"अजून आहे?"

"थोडा आहे. आता मॅडमनी उरलेल्या तिन्ही शाळांना मलाच बोलायला सांगितलंय."

बायकोने मिस्त्रींच्या हातातून फोन काढून घेतला, आपली ओळख करून दिली आणि रविवारी जेवायला या म्हणून सांगितलं. ताई आढेवेढे घेत होत्या, पण बायकोपुढे तसं कुणाचं चालत नसे. येताना काही आणायचं नाही, आणि लेकीला उठवायचं ते इथूनच उठवा, म्हणजे आम्हालाही तिची ओळख होईल, असं तिने ठरवूनही टाकलं. मग दोघी चपलांच्या दुरुस्तीवरून कुठल्या कुठे बोलत गेल्या. मिस्त्री घड्या घातलेले कपडे छातीशी धरून तिथेच उभे होते. दिवेलागण झाली होती. टाकीमागचं आकाश अजून लाल होतं, आणि खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाची फळी ओढत होतं.